दोन रकाने भरले म्हणून जोडी होत नाही गं

या वेळचं पत्र खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचं आहे. पत्र मोठं होतं, कामाचं तेवढं घेते.

"काकू, नमस्कार. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मी मराठी मीडियमला होते, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं आणि तिथनं सगळं इंग्लिश झालं. आता बेळगावात बीएस्सी पहिल्या वर्षाला आहे, रोज बसनं येऊन जाऊन करते. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी सांगितलं बायव्हेरिएट डेटा घेऊन छोटा प्रोजेक्ट करा. आमच्या घरी दोन म्हशी आहेत, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जातं, त्यामुळं दर वेळचं लिटर आणि फॅट लिहिलेलं कार्ड होतंच. एका महिन्याचं लिटर आणि फॅट असे दोन रकाने एक्सेलमध्ये भरले. नीटनेटकं दिसावं म्हणून दोन्ही रकाने लहानापासून मोठ्यापर्यंत लावून घेतले. दोघांचं मीन, मीडियन, स्टँडर्ड डेव्हिएशन काढलं, दोन बार चार्ट काढले, रंग पण दिले. सरांनी बघून परत दिलं, म्हणाले हे बायव्हेरिएट नाही, युनिव्हेरिएटच दोनदा केलंयस. वर्ग हसला. काकू, रकाने दोन आहेत की, मग बायव्हेरिएट कसं नाही? विचारायचं होतं खरं इंग्लिशमध्ये वाक्यच जुळंना, गप्प बसले. मला हा विषय जमणार नाही असं वाटायलंय. कॉमर्सला जाऊ काय?"

बाळ, कॉमर्सला गेलीस तरी तिथं पण स्टॅटिस्टिक्स आहेच, त्यामुळं ते आधी डोक्यातनं काढ. आणि तुला जमत नाही असं पत्रावरनं मला तरी कुठं दिसलं नाही, उलट घरातला खरा डेटा घेतलायस, पुस्तकातला उचलला नाहीस, हे मला फार आवडलं. चूक झालीय, ती कुठं झालीय तेवढं बघू, कारण ती एकदा कळली की हा अख्खा धडा कळतो. सरांनी सांगितलं ते बरोबर आहे खरं अर्धंच सांगितलं. तुझ्या कार्डावर आकडे जोडीनं आले होते, तू ती जोडी फोडलीस, आणि एकदा नाही, दोनदा फोडलीस.

आधी शब्दांचं बघू, कारण निम्मी भीती शब्दांचीच असते. व्हेरिएट म्हणजे बदलणारी गोष्ट, आपल्या मराठी गणिताच्या पुस्तकात त्याला चल म्हणतात. युनि म्हणजे एक, बाय म्हणजे दोन. तू बसमध्ये कंडक्टरला कन्नडमध्ये ओंदु टिकेट, एरडु टिकेट म्हणतेस ना, तसंच हे, युनिव्हेरिएट म्हणजे ओंदु, बायव्हेरिएट म्हणजे एरडु. एकचल आणि द्विचल. म्हणजे शब्द काही अवघड नाहीत. घोटाळा होतो तो पुढं, कारण दोन म्हटल्यावर आपल्याला वाटतं दोन याद्या, दोन रकाने, दोन चार्ट. आणि तिथंच तुझं घसरलं.

द्विचल डेटा म्हणजे दोन याद्या नव्हेत. एकाच माणसाची, एकाच वस्तूची, एकाच वेळची अशा दोन गोष्टी मोजून एकत्र लिहिलेली जोडी, आणि अशा जोड्यांची एक यादी. तुझ्या कार्डावर बघ, एक ओळ म्हणजे एक वेळ. सोमवारी सकाळी कॅन डेअरीत गेला, त्या कॅनात अमुक लिटर दूध होतं आणि त्याच दुधाला अमुक फॅट लागलं. हे दोन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत, कारण दूध एकच आहे. उभा रकाना वाचलास तर एकचल. आडवी ओळ धरून वाचलीस तर द्विचल.

डेअरीतलंच सांगते म्हणजे पटेल. एसएनएफ, म्हणजे दुधातलं फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, ते कसं काढतात बघितलंयस काय? आता मशीन लावलं की आकडा येतो, खरं आधी लॅक्टोमीटर बुडवून डिग्री घ्यायचे आणि त्या डिग्रीवरनं आणि फॅटवरनं हिशोब करून एसएनएफ काढायचे. दोन्ही आकडे एकाच सॅम्पलचे लागतात. तुमच्या कॅनाचं फॅट घेतलं आणि शेजारच्यांच्या गाईच्या दुधाची डिग्री घेतली तर उत्तर काहीतरी येईल, खरं ते कुणाच्याच दुधाचं नसेल. डेअरीतल्या पोराला हे कुणी स्टॅटिस्टिक्स म्हणून शिकवलेलं नसतं, तो फक्त बाटल्यांची अदलाबदल होऊ देत नाही. ती बाटली न बदलण्याची काळजी म्हणजेच तुझा बायव्हेरिएट डेटा.

आता एकचल वाईट असतं असं अजिबात नाही. "आमच्या म्हशी साधारण किती दूध देतात?" हा एका गोष्टीबद्दलचा प्रश्न आहे आणि त्याला सरासरी लागते. "रोज एकसारखं देतात की कमीजास्त होतं?" त्याला स्टँडर्ड डेव्हिएशन. "निम्म्या दिवशी किती लिटरच्या वर गेलं?" त्याला मीडियन, म्हणजे मध्यक. हिस्टोग्राम, बॉक्स प्लॉट हे सगळे एका गोष्टीचं वर्णन करतात, ती कुठं जमा होते, किती पसरते, एखादा आकडा फारच लांब पडलाय काय. तू हे सगळं केलंस आणि बरोबर केलंस. खरं सरांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता. दूध वाढतं तेव्हा फॅटचं काय होतं? हा प्रश्न एका रकान्यात बसूनच विचारता येत नाही. त्याला ओळ धरावी लागते.

हे नुसतं सांगून पटत नाही, आकडे घेऊन बघू. वही काढ. सोपे व्हावेत म्हणून मी मनानं घेतलेत, तुझ्या कार्डावरचे नव्हेत. पाच वेळचं दूध: 4, 5, 6, 7, 8 लिटर. त्याच पाच वेळचं फॅट, त्याच क्रमानं: 7.6, 7.2, 7.0, 6.8, 6.4.

लिटरची सरासरी 6. फॅटची सरासरी 7.0. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब ते काढ. लिटरचे येतात −2, −1, 0, 1, 2. फॅटचे येतात 0.6, 0.2, 0, −0.2, −0.6. आता हे आडवे गुण, म्हणजे पहिल्या वेळचा पहिल्याशी, दुसऱ्याचा दुसऱ्याशी: −1.2, −0.2, 0, −0.2, −1.2. बेरीज −2.8. ही बेरीज म्हणजे जोडीचा जीव आहे बघ, एकचलमध्ये असलं काही करताच येत नाही, कारण तिथं गुणायला बाजूला कुणी नसतं. मग लिटरच्या फरकांचे वर्ग करून बेरीज 10, फॅटच्या फरकांच्या वर्गांची बेरीज 0.80, दोघांचा गुणाकार 8, त्याचं वर्गमूळ 2.83 च्या आसपास. −2.8 ला त्यानं भागलं की −0.99. हा कोरिलेशन कोइफिशियंट, सहसंबंध गुणांक, ज्याला पुस्तकात नुसतं आर लिहितात. तो −1 आणि +1 च्या मध्येच राहतो, त्याला लिटर-टक्का असलं एकक नसतं. इथं मायनस आला म्हणजे दूध वाढलं की फॅट उतरतंय, आणि 0.99 म्हणजे या जोड्यांचे ठिपके ग्राफवर काढलेस तर ते जवळजवळ सरळ रेषेत येतात.

आता मी तेच फॅटचे पाच आकडे घेते, एकही बदलत नाही, फक्त जागा बदलते: 7.2, 6.4, 7.6, 6.8, 7.0. लिटर तसेच, 4 ते 8. कर बघू पुन्हा. फॅटची सरासरी? 7.0 च. मध्यक? 7.0 च. स्टँडर्ड डेव्हिएशन? आधी 0.4 होतं, आत्ताही 0.4 च. हिस्टोग्राम काढलास तर ठिपक्याचाही फरक नाही. आता आडवे गुण: −0.4, 0.6, 0, −0.2, 0. बेरीज शून्य. आर शून्य! म्हणजे दूध आणि फॅट यांचा सरळ रेषेतला काहीच संबंध नाही असं उत्तर आलं.

थांब जरा इथं. पेन खाली ठेव आणि दोन्ही वेळची पानं शेजारी शेजारी ठेवून बघ. एकचलचं एकही उत्तर हललं नाही आणि द्विचलचं उत्तर −0.99 वरनं थेट शून्यावर आलं. म्हणजे ही जी माहिती आहे ती लिटरच्या रकान्यात नव्हती, फॅटच्या रकान्यात पण नव्हती, ती कोण कुणाशेजारी बसलंय यात होती. हे मला स्वतःला कॉलेजात असताना कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही नुसते फॉर्म्युले पाठ केले, आणि मी हे समजले ते वर्गात शिकवायला उभी राहिल्यावर.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य, "नीटनेटकं दिसावं म्हणून दोन्ही रकाने लहानापासून मोठ्यापर्यंत लावून घेतले." हे वाचून माझ्या पोटात गोळा आला गं. कारण माझ्या पाच आकड्यांना असं केलं की 4 लिटरच्या शेजारी 6.4 फॅट येऊन बसतं आणि 8 लिटरच्या शेजारी 7.6. आर काढ, +0.99 येतो. उलटं! खऱ्या जोड्यांत दूध वाढलं की फॅट उतरत होतं, रकाने वेगवेगळे लावल्यावर दूध वाढलं की फॅट वाढायला लागलं. आणि हे फक्त याच आकड्यांत नाही, कुठलेही दोन रकाने वेगवेगळे चढत्या क्रमानं लावले की ते एकमेकांबरोबर चढणारच, तुझ्या वर्गातल्या पोरींचे मार्क आणि संतीबस्तवाडच्या बसचे उशीर लावलेस तरी चढतील. सरांनी तुझ्या चार्टवरनं पहिली चूक ओळखली, ही दुसरी कदाचित त्यांच्या लक्षात पण आली नसेल. एक्सेलमध्ये सॉर्ट करताना ते विचारतं बघ, शेजारचा रकाना पण बरोबर घेऊ काय म्हणून, तिथं हो म्हणायचं. अख्खी ओळ हलली पाहिजे. एका रकान्यापुरतं सॉर्ट केलंस, सेव्ह करून बंद केलंस, की जोड्या परत कधी सापडत नाहीत, कारण कुठला आकडा कुणाचा होता हे शीटमध्ये उरतच नाही. तुझं नशीब, कार्ड आहे. फाडू नकोस, हरवू नकोस, महिना संपला तरी.

याबद्दल मी एवढं कळवळून का बोलायलेय ते सांगते. मी आपल्याच भागातल्या मराठी शाळेत गणित शिकवायची. एका वर्षी हायस्कूलच्या मुलींची उंची-वजन घेतलं. एका वर्गखोलीत उंची, दुसऱ्या खोलीत वजन, दोन वेगळे कागद, आणि वजनाच्या कागदावर रोल नंबर लिहायचे राहिले, मुली रांगेत जशा आल्या तसे नुसते आकडे. आम्ही सरासरी उंची काढली, ठीक. सरासरी वजन काढलं, तेही ठीक. रिपोर्ट गेला. काही दिवसांनी प्रार्थनेला एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. तिला पुन्हा मोजली, उंची 155 सेंटिमीटर, वजन 34 किलो. आता बघ, उंचीच्या यादीत 155 काही वेगळं वाटत नव्हतं, तशा उंच मुली चार-पाच होत्या. वजनाच्या यादीत 34 पण वेगळं वाटत नव्हतं, 140 सेंटिमीटरच्या बारक्या मुली होत्या त्यांचं तेवढंच असतं आणि त्यांना ते चालतं. 140 आणि 34 म्हटल्यावर बीएमआय 17 च्या वर येतो, 155 आणि 34 म्हटल्यावर 14 च्या जरासा वर. एकीकडं फार काळजी नाही, दुसरीकडं पोरगी अर्धपोटी आहे. दोन्ही याद्यांत ती साधीच दिसत होती, फक्त जोडीत वेगळी दिसली असती, आणि जोडी आम्ही लिहिलीच नव्हती. ते कागद गोळा करणाऱ्यांत मी होते. त्या मुलीचं पुढं बरं झालं, घरी जाऊन बोललो, खाण्याचं बघितलं, खरं ती चक्कर यायच्या आधी आम्हाला कळायला हवं होतं आणि कळू शकलं असतं. तेव्हापासनं दोन रकाने दिसले की मी आधी विचारते, ओळ कुणाची आहे?

बरं, आता प्रोजेक्ट नव्यानं करायचा म्हणजे काय करायचं. पहिलं, बार चार्ट बाजूला ठेव आणि ठिपके काढ. त्याला स्कॅटर प्लॉट म्हणतात. आडव्या रेघेवर लिटर, उभ्या रेघेवर फॅट, आणि एक वेळ म्हणजे एक ठिपका. महिन्याचे साठ ठिपके होतील. गणित नंतर, ठिपके आधी, हा क्रम मोडू नकोस. याचं कारण फार सुंदर आहे. 1973 मध्ये फ्रान्सिस अॅन्सकॉम्ब नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं चार छोटे डेटा तयार केले, प्रत्येकात अकरा जोड्या. चारही ठिकाणी एक्सची सरासरी 9, वायची 7.5, आणि आर 0.816. आकड्यांवरनं चारही एकच वाटतात. ठिपके काढले की एक साधा रेषेभोवती पसरलेला, एक धनुष्यासारखा वाकलेला, एकात सगळे सरळ रेषेत आणि एकच ठिपका वर उडालेला, आणि चौथ्यात दहा ठिपके एका उभ्या रेघेत, एकटा लांब, आणि त्या एकट्यामुळंच आर आलेला. आर फक्त सरळ रेषेचं बोलतो, वाकलेल्या गोष्टीचं त्याला नीट सांगता येत नाही. तुझ्या कार्डावर एखाद्या दिवशी फॅट चुकून जास्तच लिहिलं गेलं असेल तर ते ठिपक्यात लगेच दिसेल.

ठिपके जर रेषेसारखे पडले तर रिग्रेशन लाइन काढता येते. हा शब्द ऐकून घाबरू नकोस, त्याचा अर्थ मागं परतणं. 1886 च्या सुमारास इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टननं आई-वडिलांची उंची आणि मोठ्या झालेल्या मुलांची उंची अशा 928 मुलांच्या जोड्या लावल्या, आणि त्याला दिसलं की फार उंच आई-बापांची मुलं उंच असतात खरं सरासरीनं आई-बापांइतकी नाही, थोडी मध्याकडं परततात. त्या परतण्याला दिलेलं नाव पुढं रेषेलाच चिकटलं. आणि जो आर आपण आत्ता काढला त्याचं गणित कार्ल पिअर्सननं 1896 मध्ये नीट मांडलं. बघ, या विषयाची सुरुवातच जोड्या लावण्यातनं झालीय, या मुलाचे आई-बाप कोण, या प्रश्नातनं. गाल्टननं आई-बापांची उंची चढत्या क्रमानं आणि मुलांची उंची चढत्या क्रमानं वेगळी लावली असती तर त्याला काहीच सापडलं नसतं.

मघाच्या पाच जोड्यांची रेषा अशी येते: फॅट बरोबर 8.68 वजा 0.28 गुणिले लिटर. म्हणजे एक लिटर वाढलं की फॅट 0.28 नं उतरतं. 6.5 लिटरला 6.86 येईल, हे ठीक. खरं हीच रेषा पुढं ओढत नेलीस तर 31 लिटरला फॅट शून्य येतं! फॅटच नसलेलं दूध कुठली म्हैस देते? म्हणून रेषा जेवढ्या आकड्यांवर काढली तेवढ्यातच वापरायची, 4 ते 8 म्हणजे 4 ते 8. प्रोजेक्टमध्ये हे एक वाक्य नक्की लिही, सरांना आवडेल. आणि लक्षात ठेव, आर काढताना कुठली गोष्ट आडवी कुठली उभी यानं काही बिघडत नाही, रेषा काढताना मात्र बिघडतं, कशावरनं कशाचा अंदाज करायचा ते आधी ठरवावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याचं उत्तर तुझ्या घरातच आहे. दूध जास्त आणि फॅट कमी असं दिसलं म्हणजे दुधानं फॅट कमी केलं काय? तुझ्या आईला विचार. ती सांगेल सकाळचं दूध जास्त असतं आणि जरा पातळ, संध्याकाळचं कमी आणि घट्ट. कारण संध्याकाळी पिळल्यापासनं सकाळपर्यंत मध्ये मोठी रात्र जाते, कासेत दूध जास्त साठतं आणि फॅटचं प्रमाण उतरतं, सकाळ ते संध्याकाळ अंतर कमी म्हणून दूध थोडं आणि फॅट चढं. म्हणजे दोघांनाही हलवणारी तिसरीच गोष्ट आहे, दोन धारांमधलं अंतर. म्हैस आटत आली की दूध कमी आणि फॅट वाढतं, हे पण तिला माहीत असणार, आणि शेवटच्या धारेला फॅट सगळ्यात जास्त असतं हेही, म्हणून रेडकासाठी शेवटचं राखून ठेवलं त्या दिवशी डेअरीत फॅट उतरतं. तुझ्या आईनं आयुष्यभर हा द्विचल अभ्यास केलाय बाळ, फक्त वहीत लिहिला नाही. म्हणून प्रत्येक ओळीला तिसरा रकाना घाल, सकाळ की संध्याकाळ. आणि ठिपके दोन रंगांनी काढ. होऊ शकतं की सगळे मिळून आर चांगला मोठा मायनस दिसेल आणि नुसते सकाळचे बघितले की बराच ढिला पडेल. तसं झालं तर ते लपवू नकोस, तेच तुझ्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात चांगलं पान होईल.

दोन गोष्टी जोडीनं हलतात म्हणून एकीनं दुसरी केली असं नसतं याचं बेळगावातलं उदाहरण पण देते. डिसेंबरात सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा गावातली लॉजं भरतात, आणि त्याच दिवसांत थंडी पण वाढते. लॉजमधली गर्दी आणि थंडी यांचे ठिपके काढलेस तर सुंदर जोडी जमेल. म्हणून कुणी म्हणत नाही की आमदार आले म्हणून गारठा पडला. दोन्ही कॅलेंडरनं आणलं.

सगळ्याच जोड्या आकड्यांच्या असतात असं पण नाही. पोरींचं मीडियम मराठी, कन्नड की इंग्लिश, आणि पीयूसीला घेतलं सायन्स, कॉमर्स की आर्ट्स, ही पण जोडीच. तिथं आर निघत नाही, आडवे-उभे रकाने करून प्रत्येक चौकोनात किती पोरी ते मोजायचं. एक गोष्ट आकडा आणि एक नाव, जसं फॅट आणि सकाळ-संध्याकाळ, तिथं दोन बॉक्स प्लॉट शेजारी शेजारी ठेवायचे. हे सगळं द्विचलच. पुढं गरज पडेल तेव्हा बघू.

आणि उलटं पण लक्षात ठेव. खानापूर तालुक्यातला पाऊस आणि अथणी तालुक्यातला पाऊस अशा दोन याद्या करून दोघांची सरासरी शेजारी ठेवली तर ती एकाच गोष्टीची, पावसाची, दोन गटांतली तुलना झाली. खरं एकाच वर्षाचा कणकुंबीचा पाऊस आणि त्याच वर्षी मलप्रभेच्या धरणात आलेलं पाणी, असं वर्षवार लिहिलं तर जोडी झाली, कारण ओळ एका वर्षाची आहे आणि नदी कणकुंबीतच उगम पावते. रकाने दोन्हीकडं दोनच. ओळीला काही अर्थ आहे काय, एवढंच बघायचं.

आता वर्ग हसला त्याचं. मला वाईट वाटलं वाचून. आपल्या भागातली पोरं घरात मराठी बोलतात, बाजारात आणि ऑफिसात कन्नड, कॉलेजात इंग्लिश, तीन भाषांत जगतात आणि तरी एका भाषेत वाक्य अडलं की आपल्यालाच काही येत नाही असं समजतात. तुझं वाक्य अडलं, डोकं अडलेलं नव्हतं. "रकाने दोन आहेत की, मग बायव्हेरिएट कसं नाही?" हा प्रश्न मी शिकवत असते तर फळ्यावर लिहिला असता, कारण हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना त्याचं उत्तर माहीत नसणार. तू असं कर, वर्ग सुटल्यावर सरांकडं जा, वहीत वर केलेलं ते पाच जोड्यांचं गणित दाखव, तीन वेळा तीच सरासरी आणि तीन वेगळे आर, −0.99, 0, +0.99. बोलायचं फार लागणारच नाही, कागद बोलेल. आणि बोलायचं झालंच तर मराठी-इंग्लिश-कन्नड मिसळून बोल, सर पण आपल्याकडचेच असतील, त्यांना कळेल.

शीट नवी कर, जुनी दुरुस्त करत बसू नकोस. चार रकाने: तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट. कार्डावरनं एकेक ओळ वाचून दाखवायला भावाला किंवा बाबांना बसव, तू फक्त टाइप कर, म्हणजे ओळ चुकणार नाही. सकाळचे ठिपके निळ्या पेनानं, संध्याकाळचे लाल पेनानं, आधी हातानं ग्राफ पेपरवर, मग कॉम्प्युटरवर. एखादा ठिपका लांब उडालेला दिसला तर तो खोडू नकोस, तारीख बघून आईला विचार त्या दिवशी काय झालं होतं, आणि ती जे सांगेल ते त्या ठिपक्याशेजारी लिहून मला फोटो पाठव.